गाठीचा रक्तपुरवठा आणि निसर्गातली औषधे

गेल्या अंकात या सदरात कर्करोगाच्या गाठीला होणाऱ्या रक्तपुरवठ्याविषयी लिहिले होते. गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्या रोखणारी औषधे आज उपचारांत वापरली जातात, हा त्या मजकुराचा गाभा होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच बाजूला आहे: हळद, ग्रीन टी, सोयाबीन, अश्वगंधा असे पदार्थही हेच काम करतात असे वाचायला मिळते, त्यात तथ्य किती? म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या प्रश्नाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ वर्षे आहे. तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग असून तो यकृतात पसरला आहे. डॉक्टरांनी केमोथेरपीबरोबर बेव्हॅसिझुमॅब नावाचे इंजेक्शन सुचवले आहे. गाठीच्या रक्तवाहिन्या वाढू न देणे हे त्याचे काम, असे त्यांनी सांगितले. नात्यातल्या एकांनी हेच काम करणाऱ्या नैसर्गिक पदार्थांची यादी पाठवली आहे. त्यात हळद पहिली आहे. इंजेक्शन महाग आहे आणि आईलाही सलाइनची भीती वाटते. त्याऐवजी हे पदार्थ भरपूर प्रमाणात दिले तर चालेल का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ती यादी कोणी मनाने रचलेली नसावी. तिच्यातल्या बहुतेक पदार्थांवर प्रयोगशाळेत खरोखर काम झालेले आहे, आणि म्हणूनच ती वाचणाऱ्याला पटते. अशी यादी हसण्यावारी नेऊन आपले समाधान होणार नाही. प्रयोगशाळेतला निष्कर्ष रुग्णाच्या यकृतापर्यंत का पोहोचत नाही, हे नीट सांगितले पाहिजे.

बॉस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असा विचार मांडला की नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही. त्यामागचे निरीक्षण त्याआधी सुमारे दहा वर्षांचे होते. शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सोडल्या, तर त्यांच्या गाठी बारीक दाण्याएवढ्या होऊन थांबत. त्याच गाठी उंदराच्या शरीरात घातल्या की झपाट्याने वाढत. फरक होता तो उंदराच्या शरीरातून गाठीत शिरणाऱ्या नव्या वाहिन्यांचा. पुढे यामागची यंत्रणा उलगडली. गाठीच्या आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की त्या काही प्रथिने बाहेर सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी त्या दिशेने वाढू लागतात. यातले सर्वात महत्त्वाचे प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. बेव्हॅसिझुमॅब ही एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे. ती रक्तातल्या या व्हीईजीएफला पकडून ठेवते, त्यामुळे त्याचा संदेश रक्तवाहिनीपर्यंत जात नाही.

आता हळदीकडे येऊ. हळदीतले कर्क्युमिन काचेच्या बशीत वाढवलेल्या अस्तरपेशींवर टाकले तर त्या पेशींची वाढ मंदावते आणि गाठीच्या पेशी व्हीईजीएफही कमी सोडतात. हे अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे. परंतु बशीत कर्क्युमिन पेशींवर सरळ ओतलेले असते. माणसाने ते गिळले की त्याचा मोठा भाग आतड्यातून शोषलाच जात नाही आणि जो शोषला जातो त्याचे आतड्याच्या भिंतीत व यकृतात लगेच दुसऱ्या संयुगांत रूपांतर होते. इंग्लंडमधील लेस्टर येथे नेमक्या आपल्या आईसारख्या रुग्णांवर, म्हणजे आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या १२ जणांवर, याची तपासणी झाली आणि ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर त्यांना रोज कर्क्युमिन देण्यात आले; सर्वात मोठी मात्रा रोज ३.६ ग्रॅम होती. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त आणि यकृताचे ऊतक तपासले, तेव्हा रक्तात कर्क्युमिनचा अत्यल्प अंश मिळाला आणि यकृतात परिणाम घडवू शकेल एवढे कर्क्युमिन पोहोचवणे माणसात बहुधा शक्य नाही, असा निष्कर्ष संशोधकांना काढावा लागला.

३.६ ग्रॅम म्हणजे किती, हे सांगलीच्या वाचकांना विशेष कळेल. बाजारातल्या हळद पुडीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्के धरले, तर एवढ्या कर्क्युमिनसाठी रोज १२० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. आपण भाजी-आमटीत चमचाभर घालतो ती जेमतेम तीन ग्रॅम भरते आणि तीही घरातल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते. भरपूर प्रमाण म्हणजे नक्की किती, हा हिशोब अशा याद्यांमध्ये कधीच दिलेला नसतो. माझा मुख्य आक्षेप या गाळलेल्या हिशोबावर आहे.

दुसरी अडचण अशी की गाठीकडे रक्तवाहिन्या बोलावण्याचा एकच मार्ग नसतो. व्हीईजीएफ अडवले तर काही काळाने ती दुसऱ्या प्रथिनांचा आधार घेते. बेव्हॅसिझुमॅबसारखे नेमके औषधही म्हणूनच सहसा एकटे दिले जात नाही. हार्वर्डमधील राकेश जैन यांनी आणखी एक बाजू दाखवून दिली. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे केमोचे औषध गाठीच्या आत नीट पोहोचत नाही. व्हीईजीएफ योग्य प्रमाणात रोखले तर उरलेल्या वाहिन्या काही काळ सुधारतात आणि औषध आत जाण्यास मदत होते. इंजेक्शन आणि केमो जोडीने देण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

या इंजेक्शनचा लाभ किती, हेही आपल्याला ठाऊक असावे. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८१३ रुग्णांवरील चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या केमोच्या गटात आयुर्मानाचा मध्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, १५.६ महिने होता. बेव्हॅसिझुमॅब जोडलेल्या गटात तो २०.३ महिने झाला. हा आकडा काहींना लहान वाटेल, पण तो माणसांत मोजलेला आहे. यादीतल्या एकाही पदार्थामागे असा आकडा नाही. याच औषधाला अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता २०११ मध्ये काढून घेण्यात आली, कारण पुढच्या चाचण्यांत त्या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मोजमाप झाले म्हणूनच ते काढून घेता आले. नैसर्गिक पदार्थांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यांना त्यातून सूट मिळावी असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

खर्चाबाबत एक सूचना. बेव्हॅसिझुमॅबची भारतीय कंपन्यांनी तयार केलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, औषधे उपलब्ध असून ती मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत. डॉक्टरांना त्याविषयी मोकळेपणाने विचारा आणि रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटून शासकीय योजना व धर्मादाय निधीची माहिती घ्या. इंजेक्शन परवडणारच नसेल तर नुसती केमोथेरपी हाही उपचार आहे. हळदीसाठी तीही थांबवू नका. आईच्या जेवणातली हळद मात्र जशी आहे तशी राहू द्या. तिने काही बिघडत नाही, आणि आजारात जेवणाला घरची चव असणे महत्त्वाचे असते.

प्रश्न : हळद शोषली जात नाही, यावर मिरी हा उपाय आहे असे सांगतात. मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानात मिळतात. माझे यजमान केमोबरोबर त्या घेत आहेत. — एक वाचिका, नाशिक

उत्तर : मिरीने शोषण वाढते हे खरे आहे. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर रक्तातले कर्क्युमिन सुमारे वीसपट होते. परंतु जवळजवळ शून्य असलेले प्रमाण वीसपट झाले तरी ते थोडेच राहते, शिवाय ही वाढ तासाभरात ओसरते.

काळजीची गोष्ट दुसरीच आहे. पायपरिन ही वाढ कशी घडवते, ते पाहा. बाहेरून आलेल्या रसायनांचे रूपांतर करून ती बाहेर टाकणारी आतड्यातली आणि यकृतातली विकरे (एन्झाइम) ते मंदावते. ही विकरे कर्क्युमिन आणि केमोचे औषध असा भेद करत नाहीत. इरिनोटेकॅनसह केमोची कित्येक औषधे त्याच वाटेने शरीराबाहेर जातात. विकरे मंदावली तर औषध रक्तात जास्त वेळ राहण्याची शक्यता निर्माण होते, आणि केमोची मात्रा ठरवताना डॉक्टरांनी हे गृहीत धरलेले नसते. त्याशिवाय अशा जादा शोषणाच्या हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. केमो चालू असताना यकृताच्या चाचण्या बिघडल्या तर पुढची सायकल लांबते. यजमानांच्या कॅप्सूल आजच थांबवाव्यात आणि आतापर्यंत त्या घेतल्याचे डॉक्टरांना सांगावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. आमटीतल्या चिमूटभर मिरपुडीविषयी मात्र हे बोलणे नाही.

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या मुलाच्या मित्राने शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. शार्कला कर्करोग होत नाही, कारण त्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या रोखणारे द्रव्य असते, असे तो म्हणतो. आम्ही शाकाहारी आहोत, तरी आजारापुढे ते बाजूला ठेवण्याची तयारी आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला आपला आहारनियम मोडण्याची गरज नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे तिच्यात त्यांना रोखणारे काही असले पाहिजे, हा तर्क शास्त्रीयच होता. १९८३ मध्ये अॅन ली आणि रॉबर्ट लँगर यांनी शार्कच्या कूर्चेतून असे द्रव्य वेगळे करून प्राण्यांत त्याचा परिणाम दाखवलाही होता. त्यावरून पुढे मोठा व्यापार उभा राहिला. शार्कला कर्करोग होत नाही हे विधान चुकीचे आहे. शार्कमध्ये गाठी आढळल्याच्या नोंदी आहेत. शिवाय कूर्चेतली ती द्रव्ये प्रथिने आहेत, आणि तोंडाने घेतलेले प्रथिन पोटात पचून जाते.

तरीही हा प्रश्न तर्कावर सोडला गेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. कूर्चेच्या पावडरीची चाचणी स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगाच्या ८३ रुग्णांवर झाली. २००५ मध्ये निष्कर्ष आले आणि काहीही लाभ दिसला नाही. त्यानंतर औषधाच्या दर्जाने तयार केलेल्या कूर्चेच्या अर्काची चाचणी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार अर्क घेणाऱ्यांच्या आयुर्मानाचा मध्य १४.४ महिने होता, तर औषध नसलेले द्रव घेणाऱ्यांचा १५.६ महिने. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे, म्हणजे अर्काचा उपयोग झाला नाही. एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही त्या गोळ्या विकल्या जातात आणि आजारी माणसांच्या घरी पोहोचतात, याचे मला दुःख होते.

प्रश्न : आमच्या भागात नरक्याची झाडे तोडून त्यांचे लाकूड चोरून नेले जाते. त्यापासून कर्करोगाचे औषध होते असे ऐकतो. ते गाठीचा रक्तपुरवठा तोडते का? गावातले काही जण सालीचा काढा घ्यावा असे म्हणू लागले आहेत. — एक शिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : हे पत्र वाचून विशेष आनंद झाला, कारण निसर्गातल्या पदार्थाचे औषध कसे होते याचे उत्तम उदाहरण आपल्याच सह्याद्रीत उभे आहे. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते पहिल्यांदा एका चिनी वृक्षातून वेगळे करण्यात आले. १९६६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे याच जोडीने पॅसिफिक यू या झाडातल्या टॅक्सॉलचाही शोध लावला. इतक्या मोठ्या माणसाचे नाव आपल्या शाळांत क्वचितच घेतले जाते. आपण शिक्षक आहात म्हणून मुद्दाम लिहितो. नरक्यातही तेच द्रव्य चांगल्या प्रमाणात असल्याचे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि तेव्हापासून या झाडामागे कुऱ्हाड लागली.

आता काढ्याविषयी. कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशींना मारते ते मुख्यतः त्यांच्या डीएनएची घडी उलगडणारे एक विकर अडवून; रक्तवाहिन्या रोखणे हे त्याचे पहिले काम नव्हे. मूळ द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा तीव्र जुलाब, मूत्राशयातून रक्तस्राव आणि रक्तपेशी घटणे असे परिणाम इतके झाले की १९७० च्या दशकात त्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. त्याच्या रचनेत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही औषधे तयार झाली, १९९० च्या दशकात त्यांना मान्यता मिळाली, आणि आज ती मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्ताचा अहवाल पाहून दिली जातात. वर सांगितलेल्या ८१३ रुग्णांच्या चाचणीत बेव्हॅसिझुमॅबबरोबर दिलेल्या केमोतही इरिनोटेकॅन होते. सालीच्या काढ्यात मात्र ज्या मूळ द्रव्याने चाचण्या थांबल्या तेच येते, आणि कोणत्या झाडाच्या किती सालीत ते किती आहे हे उकळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. हा काढा विष आहे असे गावात स्पष्ट सांगा. झाडे तोडली जात असतील तर वनविभागाला लेखी कळवा.

प्रश्न : तोंडाच्या कर्करोगासाठी माझ्या वडिलांना मोठी केमो न देता मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या साध्या गोळ्या दिल्या आहेत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे का? मी त्याऐवजी आयुर्वेदिक काही सुरू करू का? — एक वाचक, अकोला

उत्तर : गोळ्या स्वस्त आहेत म्हणून उपचार हलका ठरत नाही. मेथोट्रेक्सेट हे केमोचेच औषध आहे, तर सेलेकॉक्सिब ही दुखणे व सूज कमी करणारी गोळी आहे. केमोचे औषध लहान मात्रेत पण सातत्याने दिले तर त्याचा मारा गाठीच्या पेशींपेक्षा तिला रक्त पुरवणाऱ्या अस्तरपेशींवर अधिक होतो, हे २००० मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेने उंदरांत दाखवले होते. या पद्धतीला मेट्रोनॉमिक केमोथेरपी म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मान या भागातील पुढच्या टप्प्याच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांत वडिलांना दिलेल्या याच दोन गोळ्यांची शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाशी तुलना केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गोळ्यांच्या गटाचे आयुर्मान अधिक होते आणि तीव्र दुष्परिणाम कमी होते. हा उपचार आजार मुळातून काढण्यासाठी नसून तो आटोक्यात ठेवण्यासाठी आहे, हे आपण समजून घ्यावे. तो बंद करून दुसरे काही सुरू करू नये. मेथोट्रेक्सेटबरोबर दुखण्याच्या इतर गोळ्या किंवा काढे परस्पर दिले तर मूत्रपिंड आणि यकृत यांवर ताण येऊ शकतो.

प्रश्न : ग्रीन टी आणि सोयाबीन हे तरी निर्धोक असतील ना? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : अन्न म्हणून, होय. ग्रीन टी प्यायलेल्या उंदरांच्या डोळ्यांत नव्या रक्तवाहिन्या कमी उगवल्याचे १९९९ मध्ये दिसले होते आणि सोयाबीनमधल्या जेनिस्टीनचा असाच गुण १९९३ मध्ये आढळला होता. मात्र यांपैकी कशानेही रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी बोर्टेझोमिब घेणाऱ्यांनी ग्रीन टी आणि विशेषतः तिच्या अर्काच्या कॅप्सूल टाळाव्यात, कारण तिच्यातले द्रव्य त्या औषधाला चिकटून ते निकामी करते, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसून आले. स्तनाच्या कर्करोगासाठी संप्रेरकांची गोळी चालू असेल तर जेवणातले सोयाबीन चालते. त्याचा अर्क असलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

प्रश्न : भावाच्या गाठीची शस्त्रक्रिया दोन आठवड्यांवर आली आहे. गाठ वाढू नये म्हणून तो अश्वगंधा, लसणीच्या कॅप्सूल आणि हळदीचा अर्क घेतो. शस्त्रक्रियेपर्यंत चालू ठेवावे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : चालू ठेवू नये. जखम भरून येण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतातच. त्यामुळे बेव्हॅसिझुमॅबसारखे औषध मोठ्या शस्त्रक्रियेच्या निदान २८ दिवस आधी थांबवतात आणि नंतरही निदान २८ दिवस, जखम पूर्ण भरेपर्यंत, देत नाहीत. भाऊ घेत असलेल्या पदार्थांचा रक्तवाहिन्यांवर एवढा प्रभाव पडत नाही. त्यांचा धोका वेगळा आहे. लसूण आणि हळद यांचे मोठ्या मात्रेतले अर्क रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकतात. अश्वगंधेतल्या विथाफेरिन या द्रव्याने प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांची वाढ रोखली असली, तरी तिच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि भुलीच्या औषधांची गुंगी तिच्यामुळे वाढू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे असे सर्व अर्क बंद करतात, म्हणजे भावाने ते आजच बंद केले पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर ती मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये. भूलतज्ज्ञांकडे तपासणीला जाताना या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात आणि कोणती गोळी शेवटची कधी घेतली ते कागदावर लिहून द्यावे.